सरी, हुडकतो

नाही, ती निळी वायर राहू दे — ती टीव्हीची. तुला हवाय तो कंप्युटरचा डबा खाली आहे, देवघराच्या खालच्या कप्प्यात. हो गं, देवघराच्याच. हसून घे, माझी आई पण हसली होती. तिथं वारा लागतो म्हणे, आणि घरात तो एकच प्लग असा आहे की जो मी मिक्सरसाठी कधी उपटणार नाही — हे ह्यांचं म्हणणं. इतक्या वर्षांत माणूस बायकोला ओळखतो ते असं. बस ना, पाट घे, खाली फरशी गार आहे. कॉफी टाकलीये. तुला खरं सांगू, मी सोसायटीच्या ग्रुपवर काय लिहिलं होतं — 'कुणाला मराठीही कळतं आणि कंप्युटरही कळतो, असं कुणी आहे का' — तर निम्म्या लोकांनी मला प्लंबरचा नंबर पाठवला. प्लंबर मराठी आहे म्हणून. आणि मग तू. तीनशे चार ना? मी तुला लिफ्टमध्ये पाहायची, कानात ती गुंडी घालून कन्नडमध्ये कुणालातरी झापत असायचीस, मला वाटलं इथलीच असेल. शलाका नाव ऐकलं तेव्हा कळलं. बेळगावची म्हणजे तर फारच बरं — तुला 'हुडकणे' समजावून सांगायला नको.

मला माहीत नव्हता गं तो शब्द, हुडकणे म्हणजे शोधणे. मी पुण्याची. लग्न होऊन जयनगरच्या ह्यांच्या जुन्या घरात आले आणि पहिल्याच सकाळी सासरे म्हणाले, माझा चष्मा हुडक जरा. मला वाटलं थंडी वाजतेय, हुडहुडी भरलीये, मी जाऊन शाल आणली. आता तीनशे-साडेतीनशे वर्षं इथं राहिलेली माणसं, मराठीच बोलतात, पण त्यात कन्नड असं मुरलंय की कुठलं लोणचं नि कुठला खार कळत नाही. माझ्या त्या शालीवर ह्या घराण्यानं वीस वर्षं करमणूक करून घेतली. त्याच्यावरूनच ह्यांनी डब्यातल्या त्या शोधणाऱ्या प्रोग्रामचं नाव ठेवलं ना — हुडक्या. दिसला का तुला? स्क्रीनवर त्याच नावानं असेल.

थांब, मी तुला सांगते कसं काय आहे ते, म्हणजे ह्यांनी मला सांगितलं तसं — चुकलं तर चुकलं. त्या डब्यात तिघं राहतात. एक गोदूआत्या — सिनेमे नि नाटकं तिच्याकडे. खरी गोदूआत्या ह्यांची आत्या, डब्यांवर नेलपॉलिशनं नावं घालायची, तिच्या राज्यात तूरडाळीत कधी मूग गेला नाही. दुसरे पद्माकरकाका — गाणी, कीर्तनं, प्रवचनं. खऱ्या काकांच्या कॅसेटींना हात लावायचा तर आधी आंघोळ करावी लागायची. दोघंही गेलीत कधीच. ह्यांनी त्यांना परत कामाला लावलं. पण ती दोघं काय करतात — फक्त नीट मांडून ठेवतात, आणि घरात काय नाही ते सांगतात. उंबरा ओलांडत नाहीत. बाहेर जातो तो हुडक्या. आत्या म्हणाली अमुक नाटक नाही, की हा निघाला, जगभर फिरून, कुणी कुठं घरी टेप करून ठेवलेलं, कुठं टाकून दिलेलं, शोधून आणून तिच्या ओटीत घालतो. कायद्याचं नको विचारूस. विकत मिळत नाही तेवढंच मागतो म्हणायचे, आणि मी विश्वास ठेवला, मला काय, फुकट दिसत होतं.

तर गेल्या आठवड्यात ते नवीन इंटरनेटवाले आले, जुनी पेटी काढली, नवी लावली, फोटो काढला नि गेले. तेव्हापासून गोंधळ. मनस्विनीनं, म्हणजे माझ्या मुलीनं, फोनवर सांगितलं, आतले पत्ते बदललेत म्हणून. म्हणजे आत्या नि काका जुन्याच दारावर ठकठक करतायत, आणि हुडक्या पलीकडच्या खोलीत. त्याला मागणी ऐकू येते, तो हो म्हणतो, पण पुढं कुणाच्या हातात काय द्यायचं ते कळत नाही. तेवढं जोडून दे. एकमेकांची ती लांबलचक किल्ली द्यावी लागते ना — आकडे नि अक्षरं, आमच्या लग्नात गुरुजींनी म्हटलेले मंत्र असलेच होते, कुणाला अर्थ कळला नाही आणि बांधले मात्र गेलो.

हो म्हणतो म्हणजे — खरंच म्हणतो. बोलतो. तुला माहीत नाही का? मला वाटलं लिफ्टमध्ये कुणीतरी बोललं असेल, ह्या बिल्डिंगमध्ये तर — बरं. ते असं की अण्णांना, म्हणजे सासऱ्यांना, बटणं दाबायला जमेना. हात थरथरतो. म्हणून ह्यांनी बोलून मागायची सोय केली. आणि तो यंत्राचा थंड आवाज अण्णांना आवडेना, बँकेतून फोन आल्यासारखं वाटतं म्हणायचे, तर ह्यांनी स्वतःचाच आवाज भरला. दोनच वाक्यं. मागितलं की — 'सरी, हुडकतो.' सरी म्हणजे आमच्या पुण्यातलं 'बरं'. आणि सापडलं की — 'गावलं.' बस. अण्णांच्या खोलीत एक स्पीकर आहे, इथं हॉलमध्ये एक. मला राग आला होता तेव्हा, म्हटलं, मी काही मागितलं की 'बघू' म्हणता, वडलांनी मागितलं की 'सरी, हुडकतो'. तर म्हणाले, तूपण माग की. नाव घे आणि माग.

कारण ते नाव घेतल्याशिवाय जागं होत नाही ना. अण्णा त्यांना दिवसभर हाक मारायचेच, म्हणून तीच हाक ठेवली. ह्यांचं नाव. दारावर पाटी आहे बघ — वाचू नकोस मोठ्यानं, तो जागा होईल. घोड्याच्या तोंडाचा देव, तेच. इकडं ठेवतात ते नाव, आमच्याकडं पुण्यात मैत्रिणींना पत्रिका दिली तेव्हा एकीनं विचारलं होतं छापताना चूक झाली का. आता तुला गंमत वाटेल, पण मी नाव घेत नाही. मागासलेली वगैरे नाही गं, मी कॉलेजात असताना मुलांना अरे-तुरेच करायची. पण घरात गोदूआत्या होती, समोरच बसलेली असायची, तर 'अहो' पडलं तोंडात. मग ती गेली तरी 'अहो' राहिलं. लग्नातला उखाणा सोडला तर — हॉस्पिटलच्या काउंटरवरसुद्धा, त्या बाईनं पेशंटचं नाव विचारलं, आणि मी आधार कार्ड पुढं केलं. तिला वाटलं मी मुकी आहे. खुणांनी बोलायला लागली माझ्याशी.

म्हणून मला तुला एक विचारायचं होतं. जोडून झालं की ती हाक बदलता येईल का? म्हणजे 'अहो' म्हटलं की ओ द्यायला हवी, असं? — हां. — हो, ते खरं. ते माझ्या लक्षातच नाही आलं. दिवसातून किती वेळा अहो म्हणते मी. भाजीवाल्याला, वॉचमनला, अण्णांना. अहो भेंडी कशी दिली — सरी, हुडकतो. मग नको. राहू दे. तसं मी एक-दोनदा करून पाहिलं. हॉलमधला तो स्पीकर हातात धरून. दुपारी घरात कुणी बोलत नसतं, तेव्हा — अहो, म्हटलं. अहो, ऐकलं का. काही नाही. तसंही पूर्वी तीन वेळा म्हटल्याशिवाय कुठं ऐकू यायचं.

गेल्या वर्षी, नवरात्राच्या आधी. तुम्ही लोक नंतर आलात राहायला. व्हाइटफील्डहून येताना, ऑफिसच्या कॅबमध्ये. त्या गाडीत सगळेच झोपतात, दोन-दोन तास लागतात जे. पी. नगरला यायला, ड्रायव्हरला वाटलं झोपलेत. खाली गेटशी येऊन थांबला, हॉर्न वाजवला, मग मला फोन केला — अक्का, सर एळ्ताने इल्ला, उठतच नाहीयेत. मी रागावून खाली गेले. म्हटलं, काय हे, दुसऱ्याची गाडी अडवून. — असू दे. तू कर तुझं काम. इथं सगळे ट्रॅफिकवर विनोद करतात ना, जीव जाईल एक दिवस वगैरे. मी पण करायची. माझे चांगले असायचे.

अण्णांना सांगायला नको का? सांगितलं. त्यांना त्याच्या आधी झटका येऊन गेलेला, कधी आठवतं कधी नाही. पहिल्यांदा सांगितलं तेव्हा भिंतीकडे तोंड करून रडले. दुसऱ्या दिवशी सकाळी म्हणाले, उठला का तो? परत सांगितलं. परत तसंच रडले, पहिल्यांदाच ऐकल्यासारखे. डॉक्टर म्हणाले, दर वेळी त्यांना नवीनच बसणार हा धक्का, तुम्ही ठरवा. तिसऱ्या सकाळी विचारलं तर माझ्या तोंडून निघालं — गेले ऑफिसला. माझ्याकडे बघत राहिले जरा वेळ. म्हणाले, सरी. तेव्हापासून मी रोज म्हणते, उशीर होणारे आज, मीटिंग आहे, आणि ते म्हणतात सरी. आणि दुपारी त्या खोलीतून हाक मारतात, आणि ह्यांचा आवाज येतो, हुडकतो म्हणून. मग एक-दोन दिवसांनी — गावलं. मुलगा आहे, ऐकतोय, आणून देतोय. अजून काय लागतं बापाला? म्हणून बंद कसं करू सांग. मनस्विनी म्हणते, आई ते उपटून फेक. म्हैसूरला असते ती, हॉस्टेलवर. दिवाळीला आली, आणि पहिल्याच संध्याकाळी हॉलमधून बाबांचा आवाज — बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून बसली. भाऊबीजेच्या आतच गेली परत. तिला भीती वाटते. मला काय वाटतं ते मला — मी टीव्हीचा आवाज कमी करून ठेवते, एवढं खरं. दुपारी. चुकायला नको म्हणून.

आता तर ते जास्त वाईट झालंय. हुडकतो म्हणतात, हुडकतो म्हणतात, आणि गावत नाही. रोज. तू विचार कर, एक माणूस गेलाय, आणि रोज सांगतोय शोधतोय म्हणून. मला रात्री वाटतं, कुठं फिरत असतील. चप्पल तरी — वेडेपणा नुसता. स्वल्प डोकं फिरलंय माझं, तू मनावर घेऊ नकोस.

पण खरं सांगू का, आधीही सगळं सरळ नव्हतं. सुरुवातीला यायचं ते अण्णांच्या आवडीचं, जुनी पदं, कुणाकुणाची हरिकथा. मग एकदा 'गावलं' ऐकलं, मी येऊन बघते तर कुणी स्वामीजी, कन्नडमध्ये, पुण्य कसं मिळवावं. भाग एक ते मला वाटतं बारा. अण्णांनी आयुष्यात स्वामी लोकांना उभं केलं नाही दारात, आयटीआयच्या कारखान्यात टेलिफोन बनवले त्यांनी, पक्के नास्तिक. मग कुणी मागितलं? त्यानंतर काय आलं — पुण्याहवाचन. नुसते मंत्र. आणि मग, शलाका, एकदा मी कपडे घड्या घालत बसलेले, 'गावलं' म्हणाले आणि टीव्हीवर एक फोटो. हार घातलेला. कुणी अनोळखी गृहस्थ, चष्मा, समई, खाली लिहिलेलं — पुण्यतिथी. कुणाच्यातरी घरचा कार्यक्रम कुणीतरी चढवलेला. माझ्या हातातला टॉवेल तसाच. मी म्हटलं, हे ह्यांचंच काम. तिकडं पोचल्यावर पुण्याचं खातं उघडलं असेल आणि त्यात काही निघत नसेल, म्हणून धावपळ. विनोद केला मी स्वतःशीच, पण दिवा मालवला नाही त्या दिवशी. सगळे भाग पाहिले त्या स्वामीजींचे. अर्धं कन्नड कळत नाही मला, तरी पाहिले. म्हटलं, पाठवलंय तर बघावं. निरोप असेल काही.

काय झालं? जोडलं? गोदूआत्याला हिरवं आलं — आणि काका? वा. म्हणजे आता — एक काय दाबायचं राहिलंय? 'हुडकणे सुरू'. बरं. थांब, आधी ते बघ म्हणतेस ते काय? न गावलेल्या मागण्या. साठून राहिल्यात होय. आवाजासकट ठेवतो का तो? मला माहीत नव्हतं. अण्णांचा आवाज आता इतका बारीक झालाय, स्वयंपाकघरात मला फक्त ह्यांचंच उत्तर येतं ऐकू. लाव ना एखादी, बघू तरी काय मागत होते बिचारे. ऐकू येतंय का बघू नीट त्याला, म्हणजे तुझी चाचणीपण होईल.

...

परत लाव.

'तिच्या पुण्याचं' म्हणाले का? — 'तिला तिच्या पुण्याचं काय तर हुडकून दे रे.' पुण्याचं. पुणे. माझं पुणे. अगं, हा गाढव — हुडक्या — इथला ना, त्याला पुणे कुठलं माहीत, त्यानं पुण्य ऐकलं. पुण्य, पुण्याह, पुण्यतिथी. तो फोटो... अण्णांनी माझ्यासाठी... बाई गं. आणि मी ते बारा भाग. हसते आहे, थांब, मला जरा — पदर — हां. म्हणजे माझ्यासाठी मागत होते. माझ्या माहेरचं काहीतरी दिसावं म्हणून. आणि मी भूत बघत बसले.

पुढं आहे का अजून? लाव. नाही, लाव.

...

बंद कर. नाही, मला ऐकू आलं सगळं. तुलाही आलं, बेळगावची आहेस, तुला माझ्यापेक्षा जास्त कळलं असेल. 'दुपारची एकटी बसून असती. मला सांगती, तू आफिसात हाईस म्हणून. मी सरी म्हणतो.' — म्हणजे — 'काय करू. तू गेलास ते परत तिच्या तोंडातनं काढायला लावू काय. दोनदा काढलं तिनं.' — दोनदा. मोजलेत त्यांनी. मी समजत होते की दोन्ही वेळा पुसून गेलं. आणि तिसऱ्या सकाळी माझ्याकडे बघत राहिले ना, मी म्हटलं ना तुला मघाशी — मला वाटलं आठवायचा प्रयत्न करतायत. ते माझ्याकडे बघत होते, नुसतंच. माझं तोंड बघत होते.

म्हणजे त्या खोलीत ते माझ्यासाठी खोटं ऐकून घेतायत आणि ह्या खोलीत मी त्यांच्यासाठी खोटं बोलतेय, आणि मधे हे एकटे — सरी, हुडकतो, सरी, हुडकतो. सव्वा वर्ष. मेल्यावरही दोघांनी मिळून राबवलं त्यांना.

नको, दाबू नकोस. हात काढ तिथून, प्लीज. माहितीये तू सगळं जोडलंस, तुझी अर्धी सुट्टी गेली, पण नको आज. दाबलंस तर ते आत्ता साठलेलं सगळं शोधून आणतील, रात्रभर गावलं, गावलं चालेल, आणि अण्णा तिकडे ऐकतील नि मी इकडे, आणि उद्या सकाळी मी परत म्हणेन मीटिंग आहे. मला येतं गं ते. फार सोपं आहे ते. तसंच राहू दे, हिरवं राहू दे, फक्त दाबू नकोस. काय करायचं ते मी त्यांना विचारते — अण्णांना. ठेवायचा आवाज की नाही. इतके दिवस मी एकटीच ठरवत होते, मला कुणी नेमलं होतं कोण जाणे.

काय बोलणार? काय माहीत. पुण्याचं काहीतरी सांगेन आधी. आमच्या आळीत एक बाई होती, आसावरी म्हणून, तिच्या तीन मांजरांची बारशी केली होती तिनं, पेढे वाटून — हे सांगितलंच नाही मी इथं कुणाला, कुणी विचारलं नाही, मला वाटायचं ह्या लोकांना काय त्याचं. ते सांगेन. मग बाकीचं आपोआप येईल नाहीतर नाही येणार. नाही आलं तर दोघं गप्प बसू, पण एका खोलीत.

कॉफी झाली बघ. दोनच पेल्यांची टाकली होती, तुझी नि माझी. तुझी मी आत अण्णांना नेऊ का? रागावू नकोस, तू उद्या ये, परवा ये, तुला नीट डोसा करून घालते. आता जा. नाही, वायरी मी आवरते, राहू देत, जा तू. दार हळू वगैरे ओढायची काही गरज नाही. जागेच आहेत ते.